तेवीस मतं

"तुझ्या बूथवर आपल्याला फक्त तेवीस मतं?" पराभवानंतरच्या पहिल्याच बैठकीत तालुकाध्यक्षांनी बूथप्रमुख सुखदेवला उभं केलं. "फितूर झालास! आजपासून तू पक्षाबाहेर."

महिला आघाडीच्या हौसाताईंना राहवलं नाही. बावीस वर्षांचं पद पणाला लावून त्या उठल्या.

"मतं मी फिरवली. बायकोला मारणाऱ्याला तिकीट देऊ नका म्हणून हात जोडले होते, तुम्ही ऐकलं नाही. मग घरोघरी बायकांना मीच सांगितलं."

अध्यक्षांच्या नजरेला नजर देऊन त्या उभ्या राहिल्या. आता सुखदेव सुटला, असं त्यांना वाटलं.

"ताई, त्या गल्ल्यांतून महिनाभर उन्हात फिरलो मी," सुखदेव म्हणाला. "रोज तुमच्याच घरी पाणी प्यायलो. मला एका शब्दानं सांगायचं तरी होतं."

ताईंची मान खाली गेली.