नेहमीसारखा आडवा

आमच्या बस आगाराच्या पोर्टलवर फोटो टाकला की तो बहुतेकदा आडवा होतो. बंद पडलेल्या बसचे असे फोटो बघून मेकॅनिकदादांची मान अवघडते, म्हणून ते सरळ करून त्यांना पाठवायचं काम माझ्याकडे. सहा वर्षांत हात इतका बसलाय की नीट बघावंही लागत नाही.

आज दुपारी घाटातून एक फोटो आला. नुसतं बसचं तोंड, नेहमीसारखं आडवं. खाली ड्रायव्हरने लिहिलं होतं, 'प्रवासी आत आहेत. लवकर या.' त्याला फोन लावला तर लागेना. मी फोटो सरळ केला आणि पाठवून दिला.

"काच शाबूत, दिवे शाबूत," मेकॅनिकदादा डबा उघडत म्हणाले. "इंजिन तापलं असेल. होऊ दे जरा गार."

"लवकर या म्हणतोय, दादा."

"सगळेच म्हणतात गं. चार घास खातो आणि निघतो. तेवढ्यात काय आभाळ कोसळणार आहे?"

मलाही ते पटलं. इतक्यात दुसरा फोटो आला, जरा लांबून काढलेला. तोही आडवाच. माझं बोट सवयीने बटणावर गेलं आणि बस पुन्हा आपल्या चाकांवर सरळ उभी राहिली.

 

तिच्या शेजारचा विजेचा खांब मात्र आडवा झाला.