घेतली गं, घेतली

मुचादेईनं मेलेल्या गरिकाईचा कोट अंगात घातला आणि अंगणातली माणसं हसायला लागली.

कपडे वाटायचा दिवस होता. गरिकाईला जाऊन तीन महिने झाले होते. त्याचे शर्ट, दोन विजारी आणि चर्चला जायचे बूट चटईवर मांडले होते. कुणाला काय द्यायचं ते गरिकाईच्या थोरल्या आत्या सांगत होत्या. मुचादेई या घराचा साहविरा, म्हणजे पिढीजात मानाचा मित्र. दुखवट्यातही थट्टा करायचा, मेलेल्याची नक्कल करायचा हक्क आमच्याकडे एकट्या साहविराला असतो, आणि मुचादेई त्यात कसर ठेवणाऱ्यांतला नव्हता. खांदे पाडून, एक हात खिशात घालून तो हुबेहूब गरिकाईसारखा चालला. मग बायकी आवाज काढून त्यानं स्वतःलाच विचारलं, "अहो, गोळी घेतली का?" आणि मान न वळवता गरिकाईच्या आवाजात उत्तर दिलं, "घेतली गं, घेतली."

मास्विंगो शहरातून आलेले पाहुणेसुद्धा पोट धरून हसले. गरिकाईची बायको एस्नाथ तेवढी हसली नाही. त्या गोळ्या तिनंच नवऱ्याला चारल्या आणि त्यांनीच तो गेला, असं गावभर झालं होतं. गरिकाईला 'फार विचार' झाला होता. आमच्याकडे त्या आजाराला दुसरं नाव नाही. दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या, आणि जूनच्या शेवटी त्याची टोपी धरणाच्या काठावर मिळाली.

"विचार थांबवायच्या गोळ्या म्हणे," आत्या म्हणाल्या. "थांबवले खरे."

हा टोमणा नेत्साईला होता. नेत्साई गरिकाईची धाकटी बहीण. तिलाही तोच आजार होता आणि गोळ्याही त्याच होत्या. पाच आठवडे झाले होते. आताशा तिला झोप लागत होती, सकाळी ती आपणहून चूल पेटवत होती. आज वाटणी झाली की तिची पुडी संडासात टाकायची, असं आत्यांनी सकाळीच फर्मावलं होतं. नेत्साईनं ती पुडी कमरेच्या कापडाच्या गाठीत बांधली होती आणि तिचा हात सारखा तिकडे जात होता. पुन्हा ते छताकडे बघत पडून राहणं तिला नको होतं. पण आत्यांपुढे बोलायची तिची छाती नव्हती. त्या घरात कुणाचीच नव्हती.

"कोट नेत्साईला," आत्या म्हणाल्या. "खिसे बघ रे आधी. खिशात निघेल ते कोट नेणाऱ्याचं."

"तंबाखू निघाली तर माझी," मुचादेई म्हणाला आणि त्यानं आतल्या खिशात हात घातला. बाहेर आल्या त्या प्लॅस्टिकच्या तीन छोट्या पुड्या. गोळ्या होत्या.

"चांगल्या दिसतात की," मागून एक चुलत वहिनी म्हणाली. "माझ्या सासूला झोप नाही. इकडे द्या, वाया कशाला?"

"नाही," नेत्साई म्हणाली. इतक्या पटकन, की तिचं तिलाच नवल वाटलं. "माणूस तपासून देतात त्या. एकाच्या दुसऱ्यानं घ्यायच्या नसतात. दवाखान्यात परत द्यायच्या."

"वर काय लिहिलंय ते वाच," आत्या म्हणाल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती.

नेत्साईनं वाचलं. तिन्हींवर गरिकाईचं नाव. रोज संध्याकाळी एक. एप्रिलची पुडी अर्धी भरलेली होती. मेची उघडलीच नव्हती. जूनचीही नाही.

एप्रिल सगळ्यांनाच आठवत होता. मका भरपूर आला होता. गरिकाईनं स्वयंपाकाच्या झोपडीचं छप्पर एकट्यानं शाकारलं होतं, पुतणीच्या लग्नात घामाघूम होईपर्यंत नाचला होता. पोरगा बरा झाला म्हणून आत्यांनी आपला कोंबडा कापला होता.

"मी रोज विचारत होते," एस्नाथ जमिनीकडे बघत म्हणाली. "रोज."

सगळ्यांनी मुचादेईकडे पाहिलं. अशा वेळी काहीतरी बोलून माणसांना सावरायचं, हे त्याचं काम. त्यानं कोट काढून चटईवर ठेवला.

एस्नाथची माफी आत्यांनी मागितली नाही. तसली माणसं मागत नाहीत. त्यांनी फक्त तिला हात धरून आपल्या शेजारी बसवून घेतलं. मग नेत्साईकडे वळल्या.

"तुला आता बरं वाटतंय?"

"हो, आत्या."

"म्हणजे तुझा एप्रिल लागला. नर्सबाई काय म्हणते, कधी बंद करायच्या?"

"ती सांगेल तेव्हा. बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत. आणि बंद करतानाही एकदम नाही, हळूहळू."

आत्यांनी मान डोलावली. संडासाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

पाहुणे गेले. सूर्य टेकडीला लागला तेव्हा नेत्साईनं कमरेची गाठ सोडली, एक गोळी तोंडात टाकली आणि वर मगातलं पाणी प्याली. आत्या उंबऱ्यावर बसल्या होत्या.

"घेतली का?"

"घेतली, आत्या."

आत्या उठल्या. काठी टेकत अंगण ओलांडून तिच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"आ कर," त्या म्हणाल्या.