कोणती काच बरी?

चष्मेवाल्या बाईंनी तिच्या नाकावर तपासणीची जड चौकट चढवली, एक काच घातली, काढली, दुसरी घातली. "पहिली बरी की ही?" तिनं सवयीनं मान वळवून मागच्या खुर्चीतल्या नवऱ्याला विचारलं, "अहो, कोणती बरी?" तो खदाखदा हसला. "पाहिलंत? हिच्या डोळ्यांना काय दिसतं तेही मीच सांगायचं! डोक्याच्या नावानं आनंदीआनंद. द्या पहिलीच." बाई हसल्या नाहीत. "ताई, सावकाश सांगा," एवढंच म्हणाल्या. या हसण्याला भिऊनच तिनं एकेक गोष्ट त्याच्यावर सोपवली होती: कपडे, भाजी, माहेरी फोन करावा की नाही, आणि आता डोळेसुद्धा. तिला एकाएकी फार दमल्यासारखं झालं. "अगं, पहिली म्हण आणि ऊठ," तो म्हणाला. ती मान न वळवता म्हणाली, "पहिलीतून अक्षरं पुसट दिसतात. तुम्ही जरा बाहेर बसा. मला वेळ लागेल."