दुनळीचं वजन

बंदुकांच्या दुकानात वकीलसाहेब तासभर स्वतःविरुद्धच खटला लढवत होते. एकावर एक नळ्यांची ती दुनळी हातात छत्रीइतकी हलकी होती, पण किंमत घरातल्या दुनळीच्या तिप्पट. "शिकारीत दिवसभर जुनी वाहून माझा खांदा भरून येतो हो," म्हणत त्यांनी नवी खांद्याला लावली, पोट आत घेऊन आरशात पाहिलं. दुकानदार सरळ माणूस. "साहेब, हलकी बंदूक झाडली की जोरात धक्का देते. जड बंदूक तो स्वतःच पचवते. बघा, झेपेल का?" वकीलसाहेबांचा चेहरा उतरला. एवढे पैसे मोजून वर मुका मार खायचा? त्यांनी बंदूक काउंटरवर ठेवली. तेवढ्यात स्टुलावर जांभया देणारी बायको उठली. "धक्का झाडल्यावरच बसतो ना? मग बांधा हीच. यांचं काडतुसांचं पहिलं खोकं अजून सीलबंद आहे. शिवाय दुपारनंतर बंदूक माझ्याच खांद्यावर असते."