दुपारचे पाय

"अडीच वाजता, नोरीन. दुपारी अडीच!" थेल्माने धाकट्या बहिणीच्या टेबलावर हॅट आपटली. "तुझ्या क्लाइव्हला दवाखान्यात शिरताना मी या डोळ्यांनी पाहिलं."

"पाय दाखवायला गेला असेल," नोरीन म्हणाली.

"दुपारी?"

बुरंगा गावात एवढं विचारलं तरी पुरे होतं. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी छोट्या विमानाने दोन डॉक्टर येत. सकाळी पायांचे, दुपारी गुप्तरोगांचे. गुप्तरोगांची पाटी होती तोवर पाच महिने तिकडे कुत्रंही फिरकलं नाही. मग नर्सने ती उतरवली आणि फक्त 'पाय' ही पाटी ठेवली. लगेच निम्म्या गावाचे पाय दुखू लागले. तेव्हापासून सकाळचे पाय वेगळे आणि दुपारचे पाय वेगळे, हे शाळकरी पोरांनाही कळत असे.

लग्न येत्या शनिवारी होतं. नोरीन अठ्ठावन्नची, क्लाइव्ह त्रेसष्टचा. दोघांचीही दुसरी खेप. केकसुद्धा तयार होता.

"मी आज सकाळी नऊला कुरूप काढून आलेच की," नोरीन म्हणाली. "दवाखान्यात जाण्यात कसली आलीय लाज?"

"नऊला कोणीही जाईल गं! हा कातरणीवाला, सहा महिने गावोगाव मेंढ्यांची लोकर काढत हिंडतो. मेंढ्यांशिवाय आणखी कोण कोण भेटतं, देव जाणे. विचार त्याला."

"मुळीच नाही. आणि तूही विषय काढायचा नाहीस. तुला माझी शपथ."

"अति भोळी आहेस तू," थेल्मा म्हणाली.

पाचला क्लाइव्ह चहाला आला. बूट दाराशी काढून बसतोय तोच थेल्माने विचारलं, "काय क्लाइव्ह, पाय कसे आहेत?"

नोरीनचा चहा बशीत सांडला. क्लाइव्ह कानापर्यंत लाल झाला.

"सांगणार नव्हतो," तो म्हणाला.

"मला वाटलंच!" थेल्मा खुर्ची ओढून समाधानाने बसली.

क्लाइव्हने मोजा काढला. अंगठ्याला पांढरंशुभ्र बँडेज होतं. "नख रुतलं होतं. शनिवारी हिच्याबरोबर नाचायचंय, लंगडत कसा नाचू?"

"पण दुपारी?"

"पायवाल्या डॉक्टरला आज सकाळी जमत नव्हतं. म्हणून दोघांनी वेळा बदलून घेतल्या. नर्सने फोन करून सांगितलं मला."

थेल्माने चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणाची तरी माफी मागितली. चहाबरोबरच्या गोड पावांतला, स्कोनमधला, सगळ्यात मोठा, त्यावर दुप्पट जॅम, असं स्वतः त्याच्या ताटलीत वाढलं.

"चूक माझीच, बाबा. नोरीनने मात्र एका शब्दाने तुझ्यावर संशय घेतला नाही हो! उलट मलाच म्हणते, मीही सकाळी कुरूप काढून आले, त्यात काय एवढं."

क्लाइव्हचा घास तोंडातच राहिला.

"सकाळी?" त्याने विचारलं.