पॅट्रिशियाचा अबोला

पॅट्रिशियाने पिकअपचं दार आपटलं. पहिल्या फटक्यात ते लागत नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून दुसऱ्यांदा आणखी जोरात आपटलं. मागे बर्फात ठेवलेल्या बोंबलांचे टब दणकले. पीटर स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. भाईंदरच्या बाजारात पोहोचेपर्यंत नवऱ्याशी एक शब्द बोलायचा नाही, असं तिने ठरवलं होतं.

ठरवणं सोपं, पाळणं कठीण. पॅट्रिशियाचा आवाज अख्ख्या पाली गावाला ओळखीचा. रोज सकाळी गाडी सुरू झाली की तिचं तोंडही सुरू व्हायचं. "अरे, डावीकडं भिंत हाय!" "रिक्षा येते, थांब की मेल्या!" "पोरं उभी हायत, दाब बिरेक!" लोक म्हणायचे, पीटरची गाडी डिझेलवर नाही, बायकोच्या शिव्यांवर चालते. पीटर नुसता हसायचा. त्या हसण्याचाच तिला जास्त राग यायचा.

गाडी त्यांच्या मुलाच्या, लेस्लीच्या बाप्तिस्म्याच्या वेळची. लेस्लीला दाढी आली, तो आखातात नोकरीला गेला, तरी गाडी तीच. एकदा क्लच गेला, एकदा रेडिएटर फुटला. पॅट्रिशियाच्या बाजूचं दार तर किती वेळा चेपलं. प्रत्येक वेळी चूक म्हणे रिक्षावाल्याची. बंटी मेकॅनिक ठोकून ठोकून दार सरळ करायचा आणि पीटर बोनेटवरून हात फिरवत म्हणायचा, "म्हातारी अजून दमदार हाय." मागच्याच आठवड्यात ही दमदार म्हातारी भर रस्त्यात बसली. बर्फ वितळला, बोंबील लिबलिबीत झाले आणि पॅट्रिशियाची कायमची गिऱ्हाइकं बाजारात शेजारी बसणाऱ्या ममताकडे वळली. ती परत येतील की नाही, ह्या विचाराने पॅट्रिशियाला घास जात नव्हता. बाजारातली ती जागा तिच्या सासूने तिच्या हाती दिली होती. एका खटाऱ्यापायी ती घालवायची?

काल तर पीटरने कहर केला. "पप्पा, पैसे मी देतो, नवी घ्या," असं लेस्ली कधीचा सांगत होता. शेवटी पॅट्रिशियाच नवऱ्याला शोरूममध्ये घेऊन गेली. समोर पांढरीशुभ्र पिकअप. तिने मनातल्या मनात काचेपाशी मदर मेरीचा फोटोही लावून टाकला. पीटर आत बसला. समोरचे काटे शोधत चाचपडला. काटे नव्हतेच, सगळं स्क्रीनवर. सेल्समन म्हणाला, "अंकल, एक राउंड मारो. मैं साथ में आता हूँ. आंटी, आप यहीं बैठो, चाय पियो."

चहा यायच्या आत पीटर गाडीतून उतरला होता. "माझी म्हातारीच बरी," म्हणाला आणि तडक बाहेर निघाला. निघाला तो शोरूमच्या काचेच्या दारावर आपटला. सगळे हसले. पॅट्रिशियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येईपर्यंत ती बोलत होती. "त्या बंटीचं घर भरशील, पण बायकोचं ऐकायचा न्हाईस!" मागे तिला ताप आला होता तेव्हा ह्याने गाडीच काढली नव्हती. चांगली सुरमई गल्लीत पडेल भावात विकून टाकली. "तू न्हाईस तर करमत न्हाय," म्हणाला होता. शेजारणींनी चिडवलं आणि ही वेडी लाजली होती! आता तिला त्या लाजण्याचाही संताप आला. आळशी माणूस. तोंड दुखेपर्यंत बोलून झाल्यावर तिने अबोला धरला.

गाडी गल्लीतून निघाली, ती गोगलगायीसारखी.

"पुढं कोण हाय काय गं?" पीटरने विचारलं.

पॅट्रिशियाने मान दुसरीकडे फिरवली. आला लाडीगोडी लावायला.

"आज लय गर्दी दिसते, न्हाय?"

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. लख्ख उजाडलं होतं. बोलतं करायचे हे बहाणे तिला चांगले ठाऊक होते. तिने ओठ आणखी घट्ट मिटले.

डोंगरी गावाच्या पुढे एक स्कूटर रस्त्याच्या मधोमध उभी होती. माणूस वाकून पाठीमागच्या मुलीची सँडल बांधत होता. पॅट्रिशियाच्या ओठांवर शिवी आली. तिने ती गिळली. एवढी स्कूटर समोर आहे, लावेल की आपला ब्रेक! गाडी तशीच पुढे जात राहिली. मुलीच्या वेणीची लाल रिबीन आता स्पष्ट दिसत होती.

"पीटर!" पॅट्रिशिया किंचाळली.

त्याच क्षणी ब्रेक लागला. गाडी स्कूटरपासून हातभर अंतरावर थांबली. मुलगी रडायला लागली. तिचा बाप बोनेटवर थाप मारून ओरडला, "दिखता नहीं क्या?"

पॅट्रिशियाचा बांध फुटला. "जीव घेतला असता आज पोरीचा! बिरेक न्हाय लागत ह्या खटाऱ्याचा! आजच्या आज भंगारात घाल हिला! ऐकतोस काय?"

पीटरने इंजिन बंद केलं. किल्ली काढून चाचपडत तिच्या हातात दिली.

"बिरेक चांगला हाय, पॅट्रिशिया," तो म्हणाला. "तो माणूस खरं तेच इचारतोय. मला न्हाय दिसत. तू वरडलीस की मी दाबतो."