बर्फाची पेटी

बाबांच्या दुखवट्याला त्यांचे भागीदार शेवडेकाका आले, तेही हातात बर्फाची पेटी घेऊन. बाबा विद्यापीठात संशोधन करायचे आणि काकांबरोबर जिवाणू-खतांची कंपनी चालवायचे. घरातलं काय न्यायला आलेत, असा प्रश्न त्यांच्या मुलीला पडला.

पेटी मात्र भरलेली निघाली.

“जिवाणूंच्या बाटल्या आहेत, विद्यापीठाच्या. कंपनीत वापरत होतो. तू विभागात नेऊन दे. सांग, घरच्या फ्रिजमध्ये सापडल्या.”

“तुम्हीच द्या की, काका.”

“मी दिल्या तर चोर ठरेन गं.”

“आणि मी दिल्या तर?”

काकांनी फोटोपुढच्या दिव्याकडे पाहिलं. “गेलेल्या माणसाला कसली आलीय बदनामी?”

तिने झाकण लावून पेटी त्यांच्या हातात दिली. सुतकाच्या घरातून निघणाऱ्याला कुणी ‘या’ म्हणत नाही. ती म्हणाली, “विद्यापीठात देऊन या. मी वाट बघतेय.”